दांडीचे स्मारक, कराडीची झोपडी आणि बडोद्याचे अब्बाससाहेब

सुरसागरकाठ

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात आमच्या घरातील तीन पिढ्यांची सात माणसे दांडीला जाऊन आली. बडोद्याहून नवसारी रेल्वेने सुमारे १६० किलोमीटर आणि तिथून समुद्र आणखी पंधरा-सोळा किलोमीटर, म्हणजे सकाळी निघून रात्री घरी जेवायला परतता येईल एवढेच हे अंतर. तरीही साठी उलटेपर्यंत माझे तिथे जाणे झाले नव्हते, आणि बडोद्यातल्या अनेक मराठी घरांची हीच स्थिती असावी, म्हणून हा धागा सुरू करीत आहे.

किनाऱ्याजवळ मुख्यतः दोन ठिकाणे पाहायची असतात. पहिले सैफी व्हिला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांचा हा समुद्राकाठचा बंगला. ५ एप्रिल १९३० रोजी गांधीजी दांडीला पोहोचले, ती रात्र त्यांनी इथे काढली आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी साडेसहाच्या सुमारास इथून जवळच खारवट मातीतले मीठ उचलले. १९६१ साली सय्यदनांनी ही वास्तू राष्ट्राला अर्पण केली आणि आज तिथे संग्रहालय आहे. दुसरे ठिकाण म्हणजे ३० जानेवारी २०१९ रोजी खुले झालेले राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक. पंधरा एकरांच्या या आवारात गांधीजींचा जो उंच ब्राँझचा पुतळा आहे तो शिल्पकार सदाशिव साठे यांचा, म्हणजे गेटवे ऑफ इंडियासमोरच्या अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा ज्यांनी घडवला त्यांचाच. संकल्पनेचे काम मुंबईच्या आयआयटीने सांभाळले. गांधीजींच्या मागे चालणाऱ्या सत्याग्रहींचे ८० पूर्णाकृती ब्राँझ पुतळे आहेत, २४ दिवसांच्या प्रवासाची २४ भित्तिशिल्पे आहेत, आणि खाऱ्या पाण्याचे एक तळेही केलेले आहे. भेट देणाऱ्याला स्वतः खारे पाणी आटवून चिमूटभर मीठ घरी नेता यावे अशी सोय तिथे आहे. आमच्या नातीने नेलेली पुडी देवघरात ठेवली आहे आणि ती स्वयंपाकघरात न्यायला ती कोणालाही परवानगी देत नाही.

स्मारक मला मनापासून आवडले. परंतु परतताना आमची रिक्षा कराडी गावातून जात असताना चालकाने वेग कमी केला आणि हात दाखवून तो एवढेच म्हणाला, "बापुने तो अहींथी लई गया हता" (बापूंना तर इथूनच नेले होते). त्या एका वाक्याने माझा सगळा दिवस उलटा केला. आपण ज्या सकाळची खूण पाहून आलो ती सकाळ ६ एप्रिलची. गांधीजींना पकडले ते ४ मेच्या मध्यरात्रीनंतर. मधला जवळजवळ महिना ते याच पंचक्रोशीत होते, कराडीला आंब्याखाली शिंदीच्या पानांनी शाकारलेल्या झोपडीत राहत होते, आणि लढ्याचा खरा भार याच दिवसांत उचलला गेला. आपण मात्र चिमूटभर मीठ पाहून गाडीत बसतो.

आणि त्या झोपडीनंतर ज्या माणसाने लढ्याची धुरा खांद्यावर घेतली तो माणूस, अब्बास तय्यबजी, आपल्या बडोद्याचा होता. त्यांच्याविषयी पुढे लिहितोच. तोपर्यंत कोणाच्या घरी या भागातील आठवणी असतील तर त्यांनी त्या अवश्य लिहाव्यात.

विश्वामित्रीतीर

काका, आपल्या लेखनातील तळमळ पोहोचली. तरी एक मतभेद नोंदवतो. खूण ही एका जागेची आणि एका क्षणाचीच असावी लागते. जे जे त्या महिन्यात घडले ते सगळे एका आवारात आणायचे ठरवले, तर पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मुठीत मीठ घेतलेला म्हातारा माणूस हे चित्र जगभर समजले, कारण ते एकच चित्र होते. उरलेला इतिहास पुस्तकांत आहे, आणि आपल्या मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ती पुस्तके मिळतात.

दुसरे असे की दांडी ही इंग्रजांच्या मुलखातली, सुरत जिल्ह्याच्या जलालपोर तालुक्यातली. बडोदे राज्याचा या सत्याग्रहाशी संबंध जोडताना आपण आपल्या शहराच्या प्रेमापोटी ओढाताण तर करीत नाही ना, असे मनात आले. राग मानू नये.

माहेर_नवसारी

मी नवसारीची, लग्नानंतर गेली एकवीस वर्षे बडोद्यात कारेलीबागेत राहते. जलालपोर इंग्रजांचे होते हे खरे, पण नवसारी गायकवाडांची होती, आणि नवसारी प्रांताचा सुभा, म्हणजे प्रांताचा मुख्य अधिकारी, तिथेच बसत असे. मोर्चा सुरतेहून निघाल्यावर दिंडोली, वांझ, धामण करीत नवसारीत आला, तिथून विजलपोर, कराडी, मटवाड आणि मग दांडी. म्हणजे दांडीला पोहोचण्यापूर्वी गांधीजींचा शेवटचा मोठा मुक्काम बडोदे राज्याच्या गावात झाला, आणि नवसारी सोडून थोडे चालले की हद्द बदलत असे. दादाभाई नवरोजींच्या घराण्याचे हे गाव; दादाभाई स्वतः १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण होते.

माझे पणजोबा सुभ्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्याविषयी घरात सांगितले जाते ते असे की ते त्या दिवशी कचेरीच्या वेळेत नदीकडच्या रस्त्यावर गेले नाहीत, पण पणजीला आणि तिच्या जावेला त्यांनी स्वतः सांगून पाठवले. सरकारी नोकराला जाता येत नव्हते आणि मन तर तिकडेच होते. पणजी पुढे अनेक वर्षे सांगत असे की तिला गांधीजी नीट दिसलेच नाहीत, फक्त काठी दिसली आणि धूळ दिसली. ही फार मोठी आठवण नाही, तरी आमच्या घरापुरती तीच या इतिहासाची खूण आहे.

अजून एक गोष्ट लिहिते, कारण ती नेहमी मागे राहते. मोर्चात स्त्रिया नव्हत्या. गांधीजींनीच त्यांना घेतले नव्हते आणि अनेक स्त्रियांना त्याचे वाईट वाटले होते. परंतु ६ एप्रिलला किनाऱ्यावर सरोजिनी नायडू होत्या, मिठूबेन पेटिट होत्या, आणि पुढच्याच आठवड्यात, १३ एप्रिलला, दांडीत स्त्रियांची परिषद भरली. दारूच्या दुकानांपुढे आणि परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निरोधन (पिकेटिंग) करायचे काम स्त्रियांनी आपल्याकडे घेतले ते तिथे. मुंबईच्या श्रीमंत पारशी घरातल्या मिठूबेन पुढे नवसारीजवळच्या मरोलीत आश्रम काढून राहिल्या. सुरत आणि नवसारीच्या मध्ये मरोली स्टेशन लागते. काकांच्या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे तो यामुळेच. ६ एप्रिलच्या चित्रात आम्ही कडेला उभ्या आहोत. १३ एप्रिलचे चित्र लावले तर आम्ही मध्ये येतो.

सुरसागरकाठ

ताई, पणजीबाईंची काठी आणि धूळ माझ्या मनातून आता जाणार नाही. अशा आठवणी लिहून ठेवाव्यात.

विश्वामित्रीतीर यांच्या शंकेला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे, कारण ती शंका योग्य आहे. ओढाताण नाही, हे मी अब्बास तय्यबजी यांच्या चरित्रावरूनच सांगतो.

त्यांचा जन्म १८५४ चा. काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविलेले बद्रुद्दीन तय्यबजी त्यांचे चुलते. विलायतेत बॅरिस्टर होऊन आल्यावर त्यांनी बडोदे राज्याची नोकरी धरली आणि राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होऊन ते निवृत्त झाले. सुरसागरासमोरचे न्यायमंदिर आपण येता-जाता पाहतो. ज्या राज्याची न्यायव्यवस्था त्या इमारतीतून चालली, तिच्या शिखरावर हा माणूस होता. राहणी विलायती, बोलणे-चालणे उमरावाचे, आणि इंग्रजी न्यायावर पूर्ण विश्वास. तो विश्वास कसा ढळला हे समजून घेतल्याशिवाय दांडीचे स्मारक पुरते कळत नाही असे माझे मत आहे.

१९१९ साली अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. काँग्रेसने पंजाबातील अत्याचारांच्या चौकशीसाठी जी समिती नेमली तीत गांधीजी, चित्तरंजन दास, आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आणि अब्बास तय्यबजी होते. निवृत्त न्यायाधीश साक्षी ऐकायला बसला. ज्यांना रांगत जायला लावले, ज्यांना फटके मारले, ज्यांची माणसे बागेत पडली, त्यांच्या तोंडून त्याने सगळे ऐकले. आयुष्यभर साक्षीपुरावा तोलण्यात गेलेल्या माणसाला त्यानंतर वेगळा निकाल देता येईना. विलायती कपडे गेले, खादी आली, आणि वयाच्या पासष्टीनंतर ते खेड्यापाड्यांतून बैलगाडीने फिरू लागले.

आता तारखेकडे पाहा. गांधीजी ५ एप्रिलला दांडीत पोहोचले होते, समुद्र समोर होता, मग मीठ ६ तारखेला का? कारण ६ एप्रिल हा १९१९ च्या रौलेट कायद्याविरुद्धच्या हरताळाचा दिवस, आणि ६ ते १३ एप्रिल हा जालियनवाला बागेच्या स्मरणाचा राष्ट्रीय सप्ताह. दांडीचा क्षण हा स्वतःच एका जुन्या जखमेची खूण होता. म्हणून विश्वामित्रीतीर म्हणतात तसा तो क्षण एकटा कधी नव्हताच. ज्यांनी तो योजला त्यांनीच त्याला मागचे अकरा वर्षांचे संदर्भ बांधून ठेवले होते. ताईंनी सांगितलेली स्त्रियांची परिषद १३ तारखेला भरली, तोही याच सप्ताहाचा शेवटचा दिवस.

मीठ उचलल्यानंतर सरकारने गांधीजींना लगेच पकडले नाही. देशभर किनाऱ्याकिनाऱ्यावर मीठ निघू लागले, हजारो माणसे तुरुंगात गेली, आणि गांधीजींनी धारासणाच्या सरकारी मिठागरावर जाण्याचा बेत जाहीर केला. धारासणा दांडीच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटर, आज वलसाड जिल्ह्यात. तेव्हा सरकार हलले. ४ मेच्या रात्री पाऊण वाजण्याच्या सुमारास पोलीस कराडीच्या झोपडीपाशी आले. अटक झाली ती मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, ज्यात खटला चालवावाच लागत नाही. निघण्यापूर्वी गांधीजींनी आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित खरे यांना भजन म्हणायला सांगितले आणि मान खाली घालून ते ऐकले. मग नवसारीजवळ आगगाडी थांबवून त्यांना तीत बसवले, बोरिवलीला उतरवले आणि तिथून मोटारीने पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात नेले.

आपल्यामागे नेतृत्व कोणी करायचे हे आधीच ठरलेले होते, आणि ते नाव अब्बास तय्यबजींचे होते. वय ७६. एकशे तीन वर्षांपूर्वीच्या एका रेग्युलेशनचा आधार घेऊन खटल्याविना तुरुंगात टाकलेल्या माणसाची जागा घ्यायला एक निवृत्त मुख्य न्यायाधीश पुढे येतो, याहून त्या कायद्यावरचा मोठा निकाल मला माहीत नाही. पांढरीशुभ्र लांब दाढी, हातात काठी, शेजारी कस्तुरबा, आणि मागे स्वयंसेवकांची रांग, असे ते धारासणाच्या दिशेने निघाले. १२ मे रोजी, धारासणाला पोहोचण्यापूर्वीच, त्यांना स्वयंसेवकांसह अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. मग सरोजिनी नायडू आल्या. २१ मे रोजी सुमारे अडीच हजार स्वयंसेवक मिठागराच्या कुंपणाकडे रांगांनी चालत गेले, लोखंड बसवलेल्या लाठ्या डोक्यांवर पडत राहिल्या, आणि वार चुकवायला कोणी हातही उचलला नाही. अमेरिकन बातमीदार वेब मिलर तिथे हजर होता. त्याने तात्पुरत्या इस्पितळात ३२० जखमी मोजले आणि दोघे मरण पावल्याचे लिहिले. त्याची बातमी जगभर छापली गेली. दांडीला निघालेले पाऊल खऱ्या अर्थाने पडले ते धारासणाला.

त्या काळात एक घोषणा लोकांच्या तोंडी होती: "खरा रुपैया चाँदी का, राज तैयबजी-गांधी का." आज ही घोषणा आपल्या शहरात कितीजणांना ठाऊक आहे?

दांडियाबाजार

या चर्चेत एक शंका नेहमी येते, ती आधीच सोडवून टाकतो. शाळेच्या पुस्तकात ७८ सत्याग्रही वाचलेले असतात आणि स्मारकात ८० पुतळे दिसतात, म्हणून काहींना स्मारकात चूक वाटते. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघताना गांधीजींबरोबर ७८ जण होते, आणि वाटेत दोघे येऊन मिळाले. शिल्पे त्या ८० जणांची आहेत.

त्या यादीत मराठी माणसे बरीच आहेत. वर ज्यांचा उल्लेख आला ते नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य आणि साबरमती आश्रमाचे संगीतशिक्षक. रोजच्या प्रार्थनेची भजने त्यांच्या गळ्यातून येत असत. काका कालेलकरांचे चिरंजीव बाळ हेही चालले, आणि तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. या ठिकाणी बडोद्याचा आणखी एक धागा जुळतो. 'काका' हे नाव कालेलकरांना मिळाले ते आपल्या बडोद्यात. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षकांना घरातल्या नात्याने हाक मारण्याची पद्धत होती, त्यामुळे कोणी काका झाले, कोणी मामा. मामासाहेब फडके तिथलेच. पुढे ही माणसे साबरमतीला गेली आणि नाती तशीच घेऊन गेली. गंगनाथाची शाळा फार वर्षे टिकली नाही, पण बडोद्याने गांधीजींच्या आश्रमाला काय दिले याचा हिशेब कोणी मांडला तर ती पहिल्या पानावर येईल.

मोर्चा बडोदे शहरात मात्र आला नाही. बोरसद, रास, कंकापुरा करीत १९ मार्चच्या रात्री त्यांनी मही ओलांडली, चिखलातून चालत आणि नावेने, आणि पलीकडे कारेली गाठून जंबुसरच्या रस्त्याला लागले. आपले शहर त्यांच्या डाव्या हाताला राहिले.

वेंगुर्ल्याचा_बडोदेकर

किनाऱ्यावरच्या छोट्या गावांचे बोलणे निघाले आहे म्हणून लिहितो. माझे मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ. तिथून जवळच्या शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्येच सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या ठिकठिकाणचे स्वयंसेवक आले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. आमच्याकडे मिठागराला नुसते 'आगर' म्हणतात. एप्रिल-मे म्हणजे आगराचा भर असतो. वाफ्यांत पाणी आटून मिठाचे दाणे दिसू लागतात, पाऊस पडण्याआधी मीठ काढून ढीग शाकारून ठेवावे लागतात. १८८२ च्या मिठाच्या कायद्याने या कामावर सरकारचा मक्ता आला, आणि समुद्राने दारात आणून टाकलेले मीठ उचलणे हा गुन्हा ठरला. दांडीच्या किनाऱ्यावर पोलिसांनी गांधीजी येण्याआधी नैसर्गिक मीठ चिखलात मिसळून टाकले होते हे ज्याने आगर पाहिले आहे त्याला अधिक लागते, कारण तयार मीठ मातीत घालणे हे आगरातल्या माणसाच्या दृष्टीने ताटातले अन्न मातीत घालण्यासारखेच आहे.

१९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना घरच्या वापरापुरते आणि गावातल्या विक्रीपुरते मीठ काढायची मुभा मिळाली. कर पूर्ण उठला तो १९४७ मध्ये.

विश्वामित्रीतीर

सर्वांचे आभार. माझे म्हणणे मी अर्धे मागे घेतो. दांडीची खूण दांडीपुरतीच असावी, तिथे आणखी पुतळे उभारू नयेत, हे मत कायम आहे. परंतु तारखेविषयी काकांनी जे दाखवून दिले त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ६ एप्रिल हा दिवस मुद्दाम निवडला गेला हे मी वाचले होते. मात्र ज्यांनी पंजाबच्या साक्षी ऐकल्या त्यांच्यापैकीच एकाने पुढे मे महिन्यात त्याच किनाऱ्यावर धुरा घेतली, ही साखळी मी कधी जोडून पाहिली नव्हती.

मग उपाय एवढाच की खुणा जिथे आहेत तिथेच राहाव्यात आणि आपण सगळ्या खुणांपर्यंत चालत जावे. एका दिवसात दांडी, कराडी आणि धारासणा होऊ शकेल का?

सुरसागरकाठ

होऊ शकेल, आणि आपल्या शब्दांत उपाय अधिक नेमका आला याचा मला आनंद आहे. 'चालत जावे' हेच बरोबर.

मी मनाशी असा क्रम धरला आहे. पहाटेच्या गाडीने नवसारी, तिथून थेट दांडी, ऊन चढण्याआधी सैफी व्हिला आणि स्मारक. त्यानंतर कराडी, आणि दांडी ते कराडी हा टप्पा ज्यांना झेपेल त्यांनी पायी करावा. कराडीत थांबून ४ मेच्या रात्रीची हकीकत कोणीतरी मोठ्याने वाचावी. दुपारनंतर गाडीने दक्षिणेकडे धारासणा, आणि तिथे जवळच्या डुंगरी स्टेशनवरून परतीचा प्रवास. ताईंची इच्छा असेल तर परतताना मरोलीसाठी वेगळा दिवस ठेवू, कारण ती जागा घाईने पाहण्याची नाही.

अब्बाससाहेब आणि गांधीजी यांच्या पत्रांचा मायना पाहिला तर तिथे "भर्रर्र" असा उद्गार दिसतो. दोघे म्हातारे एकमेकांना असेच हाक मारीत. ९ जून १९३६ रोजी मसुरीला अब्बाससाहेब गेले तेव्हा गांधीजींनी त्यांना गुजरातचे पितामह म्हणून निरोप दिला. त्यांची कन्या रैहाना यांची कृष्णभजने ऐकलेली माणसे आपल्या आजोबांच्या पिढीत बडोद्यात होती. ती पत्रे कराडीला वाचण्यासाठी मी उतरवून घेत आहे.

जानेवारीचा दुसरा रविवार धरू. सकाळी पाच वाजता न्यायमंदिरासमोर जमून तिथूनच स्टेशनला जाऊ. वेंगुर्लेकर, आपण आगराविषयी स्मारकातल्या मिठाच्या वाफ्याजवळ मुलांना सांगावे अशी विनंती आहे. दांडियाबाजार यांनी खऱ्यांनी गायलेल्या भजनांपैकी निदान एक बसवून आणावे. येणाऱ्यांनी नावे खाली लिहावीत, म्हणजे नवसारीत रिक्षा किती सांगायच्या ते कळेल.

माहेर_नवसारी

आम्ही चौघी येत आहोत. रिक्षांचे मी माहेरी सांगते. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते नवसारीतून आपल्याबरोबर निघतील आणि पणजोबांची कचेरी जिथे होती ती जागा जाता जाता दाखवतील.